काशीची हुंडी

दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या उतरणाऱ्या मराठी यात्रेकरूस गंगेचे दर्शन, संकल्प सांगणारा पुरोहित आणि अंगावर येणारी माणसांची दाटी यांपुढे दुसरे काही सुचण्याचे कारण नसते. तथापि हा घाट १७४८ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी बांधविला, एवढी एकच गोष्ट त्यास कोणी सांगितली, तर त्याच्या व्यवहारी मनात एक प्रश्न उभा राहावा. चुनारच्या खाणींतला दगड नावांतून येई, चुना भाजावा लागे, पाथरवट आणि बेलदार आपल्या मजुरीचा तगादा लावीत. या सगळ्याचे पैसे पुण्याहून काशीपर्यंत आले कसे?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्या काळच्या रुपयाचे वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लाख रुपयांचे ओझे साडेअकराशे किलो झाले. एका बैलावर सव्वाशे किलो लादले तरी नऊ-दहा बैल, त्यांचे हाकारे, चारापाणी आणि रक्षणास हत्यारबंद लोक, असा लवाजमा नर्मदा उतरून, बुंदेलखंडाची राने तुडवीत, ठिकठिकाणच्या जकाती भरीत आणि वाटमाऱ्यांना चुकवीत सुमारे चौदाशे किलोमीटर चालला पाहिजे. शिवाय काशीवर मराठ्यांचे निशाण कधी लागले नाही. ते क्षेत्र आपल्या अमलाखाली यावे, अशी नानासाहेबांची मोठी उत्कंठा होती. पण काशी अयोध्येच्या नवाबाच्या आणि त्याच्या हाताखालच्या बलवंतसिंह राजाच्याच ताब्यात राहिली. अशा परक्या, प्रसंगी वैरी मुलुखात दक्षिणेतला पैसा वर्षानुवर्षे बिनबोभाट पोहोचत होता. १७३५ साली बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या त्या काळापासून पुढे शंभर वर्षे पेशवे, होळकर, शिंदे, नागपूरकर भोसले आणि त्यांच्यामागून शेकडो सामान्य यात्रेकरू काशीत खर्च करीतच राहिले. अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे देवालय पुन्हा उभे केले. गंगेच्या काठी भोसले घाट आणि शिंदे घाट बांधले गेले.

या कोड्याचे उत्तर एका वीतभर कागदात आहे. रुपये बहुधा पुण्यातून हलतच नसत. काशीला जाई ती हुंडी.

पैसा न हलता पैसा कसा जातो

समजा, पुण्याच्या एका गृहस्थास नागपुरात शिकणाऱ्या मुलाला शंभर रुपये द्यावयाचे आहेत, आणि त्याच वेळी नागपूरच्या दुसऱ्या एका गृहस्थास पुण्यात राहणाऱ्या आपल्या आईकडे शंभर रुपये पोहोचवावयाचे आहेत. दोघांची ओळख असेल, तर कोणीही टपालाचा खर्च करणार नाही. पुणेकर त्या आजीबाईंना शंभर देईल, नागपूरकर त्या विद्यार्थ्याला शंभर देईल, आणि दोन्ही कामे होऊन एक पैही गावाबाहेर जाणार नाही. हुंडीचे सारे तत्त्व एवढेच आहे. फरक इतकाच की, अशी जोडी जमवून देण्याचे काम सावकार करी आणि त्याबद्दल हुंडणावळ घेई.

पुण्यातील सावकाराकडे रोकड भरली की तो आपल्या काशीच्या पेढीवर, किंवा तेथील आडत्यावर, चिठ्ठी लिहून देई. ती घेऊन यात्रेकरू सडाफटिंग निघे. वाटेत लुटला गेला तरी चोराच्या हाती धोतर, तांब्या आणि त्याच्या उपयोगी न पडणारा एक कागद, एवढेच लागे. काशीत पेढीवर गेल्यावर मुनीम अक्षर ओळखी, आधी आलेल्या सूचनापत्राशी मजकूर ताडून पाही, आणि हुंडी सकारून रुपये मोजून देई. आता पुण्याची पेढी काशीच्या पेढीचे देणे लागली. हे देणे फिटावयाचे, तर काशीहून पुण्याकडे किंवा निदान दक्षिणेकडे पैसे धाडणारा कोणीतरी उलट बाजूने यावयास हवा. तो आला की वहीत जमा आणि नावे यांची तोंडमिळवणी होई. तो न आल्यास काशीत दक्षिणेच्या हुंड्यांची गर्दी होऊन हुंडणावळ चढे, आणि ती फारच चढली म्हणजे मगच कोणी सावकार नाइलाजाने खरी चांदी बैलावर घाली.

म्हणून हुंडीचा विचार करताना नुसता जाणारा पैसा पाहून भागत नाही, परत काय येते ते विचारावे लागते. काशीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष खोचक आहे. कारण क्षेत्राच्या ठिकाणी जाणारा पैसा दानाचा, आणि दानाच्या मोबदल्यात पुण्य मिळते, ते सावकाराच्या खतावणीत जमा धरता येत नाही. या उलट बाजूकडे वळण्यापूर्वी त्या कागदाचीच थोडी ओळख करून घेऊ.

कागदाच्या अंगी इतके बळ कोठून?

जुनी हुंडी हाती घेतली तर प्रथम तीत व्यापारापेक्षा शिष्टाचारच अधिक दिसतो. आरंभी देवाचे स्मरण, मग ज्या गावी ती जावयाची त्या शुभस्थानाचा उल्लेख, तेथील पेढीला रामराम, आणि नंतर रक्कम. ही रक्कम लिहिण्याची तऱ्हा मात्र अत्यंत सावध असे. हजार रुपयांची हुंडी असेल तर आकडा घालावयाचा, तो अक्षरांत लिहावयाचा, मग ‘निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे हजार’ अशा अर्थाची जोड द्यावयाची. कोणी कोणी चौथाई सांगून तिची चौपटही करीत. आकड्यापुढे एक शून्य चढवणे लबाडाला सोपे, पण आकडा, अक्षर, अर्धा आणि दुप्पट ही चारही ठिकाणे एकाच शाईने आणि एकाच वळणाने बदलणे कठीण. मुनिमांची मोडी किंवा महाजनी लिपी काने-मात्रा खाऊन लिहिलेली, बाहेरच्यास सहसा न उलगडणारी, ही आणखी एक कडी.

अर्थात ही कुलुपे झाली. तिजोरी निराळीच होती, आणि ती म्हणजे सावकाराची पत. आपल्यावर आलेली हुंडी नाकारणे हे सावकाराचे मरण. बातमी एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जाई, आणि त्याचे नाव घातलेला कागद मग कोणी हातात धरीत नसे. महिपतीने भक्तविजयात सांगितलेली नरसी मेहत्याच्या हुंडीची कथा मराठी श्रोत्यांस ठाऊक आहे. निष्कांचन नरसीने यात्रेकरूंचे रुपये घेऊन द्वारकेच्या सावळशहावर हुंडी लिहून दिली, आणि तेथे त्या नावाची पेढीच नसल्यामुळे प्रत्यक्ष भगवंताला सावकार होऊन ती पटवावी लागली. कीर्तनकार तीत भक्तवत्सलता दाखवितात, ते योग्यच. पण भक्ताची हुंडी परत गेली तर त्याची अब्रू जाईल, ही भीती ज्या श्रोत्यांना न सांगता कळत होती, त्यांच्या रोजच्या जीवनात हुंडी किती मुरलेली असेल, तेही त्या कथेवरून दिसते.

काशीत ही पत सांभाळण्याची एक सामुदायिक व्यवस्थाही होती. अठराव्या शतकात तेथील अग्रवाल आणि गुजराती महाजनांच्या नऊ मातबर घराण्यांचा मिळून ‘नौपट्टी’ नावाचा संघ झाला. व्यापाऱ्यांचे तंटे त्यांच्यापुढे येत, दिवाळे निघाले तर देणेकऱ्यांचा वाटप-हिशेब त्यांच्या मध्यस्थीने होई, आणि नौपट्टीतल्या घराशी सोयरीक जुळणे म्हणजेच पतीचा दाखला मानला जाई. प्लासीच्या कटातील प्रसिद्ध सावकार अमीचंद याचा मुलगा फतेहचंद बंगाल सोडून काशीस आला, तेव्हा नौपट्टीतील गोकुळचंद साहूच्या घरी त्याचे लग्न झाले आणि नव्या शहरात त्याचे पाय रोवले. त्याच कुळात पुढे १८५० मध्ये भारतेंदु हरिश्चंद्र जन्मले. वाडवडिलांनी जोडलेले धन त्यांनी साहित्यावर आणि दोस्तांवर इतक्या सढळ हाताने उधळले की, आधुनिक हिंदी वाङ्मयाच्या भांडवलात सावकारी व्याजाचा अंश किती, असा हिशेब कोणी मांडावयास हरकत नाही.

चौकट : पेढीवरची भाषा
दर्शनी हुंडी दाखविताच रुपये द्यावे लागत. मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनंतर. शाहजोग हुंडीचे पैसे केवळ बाजारात पत असलेल्या शाहूलाच मिळत, म्हणून ती चोराच्या कामाची नसे. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच द्यावयाचे, म्हणजे हुंडी आणि विमा एकत्र. मूळ हुंडी हरवली तर पैठ, तीही हरवली तर परपैठ. पटून निकालात निघालेल्या हुंडीला खोका म्हणत.

परतीचा माल

आता उलट बाजू. काशीच्या पश्चिमेस गंगेवरच मिर्झापूर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही उत्तर हिंदुस्थानातील कापसाची सर्वांत मोठी बाजारपेठ झाली, आणि तेथे येणाऱ्या कापसाचा मोठा भाग वऱ्हाड-नागपूरकडचा असे. अमरावतीच्या बाजूने निघालेले बैलांचे तांडे सातपुडा आणि विंध्य ओलांडून सुमारे पाचशे मैल चालत. वाटेत पावसाने गाठले तर भिजलेला कापूस दुप्पट जड होऊन बैल बसत. मिर्झापुरात तो नावेत चढून बंगालकडे जाई. म्हणजे गंगाकाठच्या व्यापाऱ्यांस दक्षिणेत पैसे द्यावयाचे होते, आणि दक्षिणेतील राजांस व यात्रेकरूंस गंगाकाठी. हीच ती जोडी! वऱ्हाडच्या कुणब्याने पिकविलेल्या कापसाचे मोल बऱ्याच अंशी नागपूर-पुण्याकडच्या धर्मदायाच्या रुपयांतून चुकते होई, आणि त्या कापसाच्या विक्रीतून आलेला गंगाकाठचा रुपया काशीत पाथरवटाच्या हाती पडे. भोसले घाटाच्या पायऱ्यांखाली कापसाच्या गाठी आहेत, असे म्हणावयाचे माझ्या फार मनात येते. अभियंत्यांनी ते मनावर घेऊ नये.

ही सांगड घालणाऱ्यांत गोसावी सावकारांचा वाटा मोठा होता. अंगाला राख फासणारा बैरागी आणि लाखांच्या उलाढाली करणारा व्यापारी ही दोन रूपे एका पंथात कशी नांदली, याचे नवल आज वाटते. पण दशनामी गोसाव्यांचे मठ हरिद्वारपासून दक्षिणेपर्यंत पसरलेले, यात्रेच्या निमित्ताने त्यांचे फिरणे कायमचे, आणि साधू म्हणून जकातनाक्यावर त्यांना पुष्कळदा सवलत. याहून महत्त्वाची गोष्ट वारशाची. गृहस्थाची पेढी चार मुलांत वाटली जाऊन चौथाई होते. गोसाव्याचे धन गुरूकडून पट्टशिष्याकडे अखंड जाते, आणि शिष्य निवडताना जन्मापेक्षा हुशारी पाहता येते. भांडवल साठविण्याची यापरती युक्ती त्या काळात कोणाजवळ नव्हती. पुण्याच्या सोमवार पेठेत गोसावीपुरा आहे, तो याच लोकांचा. काशी, मिर्झापूर आणि पुणे ही त्यांच्या एकाच सूत्रात ओवलेली ठिकाणे होती.

दुसरा परतीचा माल म्हणजे काशीचे कापड. रॅल्फ फिच हा इंग्रज प्रवासी १५८० नंतरच्या दशकात येथे आला तेव्हा त्याच्या नजरेत भरले ते पागोट्यांचे सुती कापड. रेशमाची आणि जराची कीर्ती पुढे मोगलाईत वाढत गेली. १६६५ च्या अखेरीस आलेल्या तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने एका सराईचे वर्णन केले आहे. सराईच्या मधोमध दोन लांब पडव्या, त्यांत विणकर स्वतःच आपले सुती-रेशमी ठाण विकावयास बसलेले, मधे दलाल नाही. मात्र माल मांडण्यापूर्वी प्रत्येक ठाणावर इजारदाराकडून बादशाही शिक्का उठवून घेणे सक्तीचे होते. न घेतल्यास दंड आणि वर फटके.

त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांत ही स्थिती पालटली, आणि ती का पालटली हे किनखापाच्या घडणीतच दिसून येते. रेशीम बंगालचे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा मुलामा देऊन ती पोलादी जंत्रीच्या अधिकाधिक बारीक भोकांतून ओढीत नेली की केसासारखी तार निघे. ती ठोकून चपटी केली की बादला, आणि बादला रेशमी धाग्यावर गुंडाळला की कलाबतू. नक्षीबंद प्रथम दोऱ्यांच्या जाळ्यात सगळी वेलबुट्टी बांधून देई, ती मागावर चढे, आणि मग वर बसलेला पोऱ्या एकेक झुपका ओढी तेव्हा खाली खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर एकेक धोटा टाकी. ठाण पुरे होण्यास महिने लागत, आणि तोवर सोने, चांदी व रेशीम यांत अडकलेले भांडवल निपचित पडून राही. अंगमेहनतीवर जगणारा मदनपुऱ्याचा किंवा अलईपुऱ्याचा मोमीन विणकर हे भांडवल आणणार कोठून? महाजनाने कोठीवाल्याला, कोठीवाल्याने गिरस्त्याला आणि गिरस्त्याने कारागिराला उधारीने माल द्यावयाचा, अशी साखळी तयार झाली. ज्या पतीने घाट बांधले तिनेच मागही चालविले. फक्त घाटावर बांधणाऱ्याचे नाव राहिले, आणि शालूवर विणणाऱ्याचे नाव कोठेच नाही. त्या साखळीत व्याज वर चढत गेले आणि मजुरी खाली दबत गेली, ही गोष्ट काशीच्या वैभवाचे गोडवे गाताना झाकून ठेवण्याजोगी नाही. बनारसी शालूवाचून लग्न लागले असे ज्या मराठी घरांना वाटत नसे, त्यांच्या कपाटात या साखळीचे एक टोक होते.

नाण्यांची बजबजपुरी

हुंडीच्या जोडीला सराफाचा दुसरा धंदा बट्ट्याचा. पुण्याकडे अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, तर काशीकडे तेथील टांकसाळीचा रुपया. प्रत्येकाची चांदी कमी-अधिक, आणि जुने नाणे झिजलेले म्हणून त्याला आणखी कसर. एका रुपयाचा दुसऱ्यात भाव ठरविणारा सराफ हाच त्या काळचा विनिमय-बाजार होय. महंमदशहाच्या कारकिर्दीत निघालेली काशीची टांकसाळ पुढे कंपनीच्या ताब्यात गेली. तेथे १८२० पासून कस लावणारा अधिकारी होता जेम्स प्रिन्सेप, अशोकाच्या ब्राह्मी लेखांचा उलगडा पुढे ज्याने केला तोच. नाण्यांची चांदी तपासता तपासता त्याने शहराचा नकाशा काढला, गटारे बांधविली आणि खानेसुमारी करून लोकसंख्या एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास असल्याचे ठरविले.

कंपनीची हुंडी

काशीच्या सावकारीचा कळस झाला तो मात्र पेशव्यांच्या नव्हे, इंग्रजांच्या व्यवहारात. १७७५ च्या तहाने बनारसचा मुलूख कंपनीकडे आला. कंपनीची अडचण अशी की बंगालमध्ये तिच्या हाती महसुलाचा पैसा, आणि मुंबई इलाखा सदा तुटीत. चीनला धाडावयाचा कापूस गुजरातेत विकत घ्यावयाचा, फौजेचा पगार द्यावयाचा, आणि खजिना रिकामा. इकडे सुरतेचे व्यापारी बंगालचे कच्चे रेशीम आणवीत, त्यामुळे त्यांना बंगालमध्ये पैसे हवे असत. वर सांगितलेली जोडी येथे पुन्हा जमली. कंपनीने बंगाल-काशीकडे पैसे द्यावयाचे, सुरतेच्या आणि मुंबईच्या पेढ्यांनी मुंबई सरकारला भरावयाचे. या वाटेवरचे मधले ठाणे काशी, आणि तेथील अग्रगण्य घर गोपालदास साहू यांचे. त्यांच्यामागून मनोहरदासांच्या नावाने ते पार कलकत्ता, सुरत आणि मुंबईपर्यंत चालले. कलकत्त्याच्या मैदानातील मनोहरदास तलाव त्यांचाच.

१७८७ ते १७९५ पर्यंत काशीस रेसिडेंट असलेला जोनाथन डंकन त्या वर्षी मुंबईचा गव्हर्नर होऊन गेला आणि १८११ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. महाजन कोण, कोणाची पत किती, हे आठ वर्षे जवळून पाहिलेला माणूस तुटीच्या इलाख्यावर बसला, हा योगायोग कंपनीला फळला. १८०३ साली असई आणि आडगाव येथे मराठ्यांशी लढलेल्या फौजांच्या खर्चासाठी मुंबईला जी रोकड लागली, तिच्या तरतुदीत काशीच्या या पेढीच्या हुंड्यांचा वाटा मोठा होता. नागपूरकर भोसल्यांचा धर्मदाय ज्या बाजारात पटत होता, त्याच बाजारातून त्यांच्या पराभवाचा खर्चही भागला. महाजनांना दोष देण्यात अर्थ नाही. हुंडीला पक्ष नसतो, तिला फक्त मुदत असते.

शिंद्यांच्या घरातील बायजाबाईंना या जगाची जाण पुरती होती. त्या स्वतःच सावकारीत मुरलेल्या होत्या. ज्ञानवापीची खांबांची पडवी त्यांनी १८२८ मध्ये बांधविली आणि १८३० च्या सुमारास शिंदे घाट उभारला. ग्वाल्हेरची सत्ता हातून गेली तेव्हा आधाराला उरलेल्या धनात काशीच्या पेढ्यांतील ठेवी होत्या.

मनिऑर्डर येते

पुढची हकिकत थोडक्यात आटोपते. १८३० मध्ये काशीची टांकसाळ बंद झाली. १८३५ पासून कंपनीचा एकच रुपया सर्वत्र चालू झाल्यावर बट्ट्याचा धंदा ओसरला. १८६२ मध्ये आगगाडी मोगलसराईस पोहोचली. पण काशीच्या सराफीला खरा धक्का उलट दिशेने बसला, कारण १८६७ मध्ये मुंबईची गाडी नागपूरला आली आणि वऱ्हाडचा कापूस मिर्झापूरकडे पाठ फिरवून मुंबईच्या गोदीकडे धावू लागला. परतीचा माल गेला, तशी जोडी तुटली. १८८० मध्ये टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली, आणि काशीवास करणाऱ्या म्हाताऱ्या आत्याबाईंना महिन्याचे पाच रुपये पाठविण्यास पेढीची पायरी चढण्याचे कारण उरले नाही. हुंडी कायद्याने मात्र मेली नाही. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील हुंड्यांना त्या त्या बाजाराच्या रिवाजावर सोडून दिले, आणि व्यापाऱ्याव्यापाऱ्यांत ती पुढे पुष्कळ वर्षे चालली.

महाजनांचे काय झाले? पुष्कळांनी १७९५ च्या कायमधाऱ्यानंतर लिलावात निघालेल्या जमिनी घेतल्या आणि ते जमीनदार झाले. काहींचा पैसा विसाव्या शतकात सार्वजनिक कामांकडे वळला. शिवप्रसाद गुप्त यांनी १९२० मध्ये ‘आज’ हे हिंदी दैनिक काढले, आणि काशीतच जन्मलेले मराठी संपादक बाबूराव विष्णू पराडकर यांनी ते नावारूपास आणले. गोपालदास-मनोहरदासांच्या साहू घराण्यात डॉ. भगवानदास जन्मले, काशी विद्यापीठाच्या स्थापनेत ते होते आणि १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांचे चिरंजीव श्रीप्रकाश १९५६ च्या डिसेंबरात मुंबई राज्याचे राज्यपाल म्हणून आले, १ मे १९६० रोजी नव्या महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले आणि १९६२ पर्यंत मलबार हिलवरच्या राजभवनात राहिले.